यात चरबी कसली?

फ्लोराला तीन वर्षं स्वस्थ बसवलं नव्हतं, आणि कारण काय, तर भांडी घासायच्या साबणाची एक पिवळी वडी. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण जिनं वाढलेलं ताट पाहुण्यानं जसंच्या तसं बाजूला सारलंय, त्या बाईला विचारा. तिला हसू येणार नाही.

पाहुणा म्हणजे तिचा थोरला दीर, नथानियल. सत्तर साली तो बायकोपोरांसकट इस्राएलला गेला. रोह्यातली बेने इस्राएल ज्यूंची घरं तेव्हापासून एकेक करून रिकामी होत गेली आणि मागे राहिलं ते सॅम्युएल आणि फ्लोराचं. सॅम्युएलला धाटावच्या कंपनीत कायमची नोकरी होती, शिवाय त्याला हालायचाच कंटाळा. नथानियल त्र्याण्णव साली, तेवीस वर्षांनी, पहिल्यांदा घरी आला आणि चार दिवस राहिला. फ्लोरानं पेणहून रीतीप्रमाणे कापलेली कोंबडी आणवली, नारळाच्या दुधात शिजवली, वर तांदळाचे वडे तळले. त्यानं काय खावं? केळी आणि पपई. ते वडे त्यानं बोटानं नुसते फिरवले. बोलताना तर हात तोंडावर, जसा काही घराला वास येतोय.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोरीत गेला, कोनाड्यातली पिवळी वडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "फ्लोरा, यात चरबी कसली?"

"मला काय ठावं, भावजी," फ्लोरा म्हणाली. "बाजारातला साबण हाय."

त्यानं वडी होती तशी ठेवून दिली. पुढं एक शब्द बोलला नाही. फ्लोराला मात्र सगळं लख्ख कळलं. डुकराच्या की गाईच्या, कुणाच्या कोण जाणे, पण कसल्यातरी चरबीनं घासलेल्या ताटात हा धर्माचा माणूस जेवणार नाही. तिकडं राहून तो पक्का झालाय आणि आपण इकडं कच्चेच राहिलो. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घाण्याचं तेल काढलं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं ज्यांना शनवार तेली म्हटलं, त्यांच्या मोरीत चरबी! आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? तिनं सॅम्युएललासुद्धा सांगितलं नाही. सॅम्युएल 'दादाचं पोट बिघडलं असंल' म्हणून मोकळा झाला आणि उरलेली कोंबडी दोन दिवस पुरवून खाल्ली.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर नथानियलचं पत्र आलं. बायको वारली होती. एकदा आईच्या घरात पेसाहचा, बिनखमीर भाकरीचा सण करायचाय, येत्या एप्रिलमध्ये येतो, असं लिहिलं होतं. ते पत्र वाचल्यापासून फ्लोराचा पाय एका जागी ठरेना. दूध गॅसवर ठेवायची आणि अंगणात जायची, अंगणात गेली की कशाला आले ते विसरायची. तिला एकच गोष्ट हवी होती. या वेळी त्यानं आपल्या ताटात जेवलं पाहिजे.

आता योगायोग म्हणा की काय म्हणा, त्याच आठवड्यात तामारनंही साबणावर बहिष्कार टाकला. तामार ही त्यांची एकुलती एक मुलगी. पेणच्या कॉलेजात सायन्सला होती, रोज एसटीनं जायची-यायची. कॉलेजात कुणीतरी निसर्गप्रेमी मास्तर आले होते. त्यांचं व्याख्यान ऐकून ही पोर घरी आली ती न जेवता बसली.

"आई, आपल्या शाम्पूसाठी सशांच्या डोळ्यांत औषधं घालून बघतात," ती म्हणाली. "आंधळे होतात ते. आणि साबणात जनावरांची चरबी असते. वेष्टनावर लिहितसुद्धा नाय. माणसाला न सांगता कायपण विकायचं म्हणजे काय? मी नाय वापरणार."

सशांचं फ्लोराला फारसं काही वाटलं नाही, खरं तेच सांगायला हवं. पण चरबी म्हटल्यावर ती जागच्या जागी थांबली. "सगळ्यात असते?" तिनं विचारलं.

"कशात असते, कशात नाय, ते कळतच नाय ना. म्हणून तर चीड येते."

झालं. एकीला ससे वाचवायचे होते आणि दुसरीला ताट. मायलेकींचं इतकं एकमत त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. सॅम्युएल बिचारा मध्ये सापडला. त्याच्या कंपनीतून दर महिन्याला कपड्यांच्या पावडरीच्या चार पिशव्या फुकट मिळायच्या. त्या घेऊन तो दारात उभा राहिला की तामार म्हणायची, "पप्पा, ती नको. तो फेस नदीत जातो." सॅम्युएल म्हणायचा, "अगो, फुकट हाय!" फुकट या शब्दापुढं कुणाला काही बोलता येऊ शकतं, हेच त्याला समजत नव्हतं. शेवटी त्या पिशव्या तो शिफ्टमधल्या दोस्तांना वाटू लागला आणि त्याचा भाव चांगलाच वाढला.

वनस्पती तेलाचा म्हणून खात्रीचा साबण पेणला एका दुकानात मिळत होता, पण किंमत ऐकून फ्लोरानं वडी परत ठेवली. एका पगारात चालणारं घर. तेव्हा खर्च न वाढवता जे होईल ते करायचं ठरलं. तामार येताना पेणच्या बाजारातून रिठे आणू लागली. शिकेकाई रोह्याच्या बाजारात कातकरणी विकायला बसत, त्यांच्याकडून घेतली. फरशी पुसायला कडुलिंबाचा पाला उकळला. भांड्यांना नारळाची शेंडी आणि राख. राख द्यायची धोंडुबाई. ती धाटावच्या अलीकडच्या वाडीतून रोज सकाळी दूध घालायला यायची. तिच्या घरी चूल होती आणि राखेला तोटा नव्हता.

सुरुवातीचे दिवस काही विचारू नका. रिठे ज्या पातेल्यात उकळले त्यातच फ्लोरानं चुकून चहा ठेवला आणि सॅम्युएलनं पहिला घोट अंगणात थुंकला. त्याचा पांढरा सदरा पिवळट झाला. राख नीट चाळली नव्हती म्हणून नव्या स्टीलच्या डब्यावर ओरखडे उठले. शिकेकाई डोळ्यांत गेली तेव्हा तामारच्या तोंडून सशांचं नाव निघालं नाही. पण हळूहळू हात बसला. रिठे पंचातून गाळायचे, राख दोनदा चाळायची, सदरा सावलीत वाळवायचा. फेब्रुवारीपर्यंत फ्लोराच्या बोटांवरच्या भेगा भरून आल्या. या भेगा बाईच्या हाताला असायच्याच, असं ती वीस वर्षं धरून चालली होती. रात्री मिठात हात घातला आणि झोंबलं नाही, तेव्हा तिला उगीच रडू आलं.

अडलं ते तांब्या-पितळेवर. सासूची भांडी होती, सणाला तीच निघायची. राखेनं ती स्वच्छ व्हायची, पण झळाळी येईना. चिंच लावायची तर दर वेळी मूठभर लागायची.

"कोंडा आंबव गो," धोंडुबाईनं सांगितलं. "मडक्यात पाणी घालून दोन-तीन दिस ठेव. त्यानं घास. सोन्यावानी होतील. आमचे हे गिरणीतच हायत, मी आणून देते."

धोंडुबाईचा नवरा काळुराम पिठाच्या गिरणीत कामाला होता. पिशवीभर कोंडा फुकट आला. मोरीच्या कोपऱ्यात मडकं बसलं. फसफसलेल्या कोंड्यानं पहिला तांब्या घासला तेव्हा फ्लोरानं त्यात आपलं तोंड पाहिलं आणि बघतच राहिली. मग काय, तांबं, पितळ झालंच, पण स्टीलची ताटं, वाट्या, पळ्या, एवढंच काय, पाण्याचं पिंपसुद्धा तिनं कोंड्यानं लखलखीत केलं. उत्साह आला की तिला थांब म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

सणाआधी घराला चुना झाला. नथानियल आला तो पेसाहच्या दोन दिवस आधी, सोमवारी दुपारी, एसटीनं. केस पांढरे झाले होते, पण चालणं ताठ. या वेळी तो हात तोंडावर न ठेवता बोलत होता. फ्लोरानं त्याला चहा दिला आणि तो पुरता प्यायच्या आत मोरीत घेऊन गेली. माणूस प्रवासातून आलाय, त्याला जरा टेकू द्यावं, हे सुचण्याच्या पलीकडं ती गेली होती.

"बघा भावजी," ती म्हणाली. "घरात साबणाचा तुकडा नाय. चरबीचं नाव नाय. भांडी राखेनं, कपडे रिठ्यानं."

नथानियल त्या झळझळीत भांड्यांकडं पाहत राहिला. त्यानं एक तांब्या उचलला. "आईचा," तो म्हणाला. मग म्हणाला, "चांगलं केलंस, फ्लोरा. या खेपेस तुझ्या हातचं पोटभर जेवणार."

तीन वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते असं उभ्याउभ्या मोरीत ऐकायला मिळालं. त्या रात्री फ्लोरा गाढ झोपली. सॅम्युएल पहिल्या शिफ्टला उठला तरी तिला पत्ता नव्हता.

मंगळवारी सकाळी धोंडुबाई दूध घेऊन आली. फ्लोरानं तिला थांबवलं. पेसाहला घरात गव्हाचं किंवा खमीर धरलेलं काही ठेवायचं नव्हतं. पावाचे तुकडे, पीठ, सगळं बाहेर काढायचं होतं. वर्षभर स्वैपाकघरात असणारी आंबट आंबवणाचं मडकं, अनशी, ती तर सणाचे आठही दिवस झाकून ठेवायची. त्यांच्या आज्या-पणज्या या सणाला अनशी ढाकण्याचा सणच म्हणायच्या. फ्लोरा एकेक डबा धोंडुबाईच्या टोपलीत रिकामा करत होती.

"आणि तो कोंडा?" धोंडुबाईनं विचारलं. "त्यो बी देतेस काय? म्हस खाईल."

"तो राहू दे," फ्लोरा म्हणाली. "तांदळाचं आम्हाला चालतं."

"तांदळाचा कुठला गो? गव्हाचा त्यो. रेशनचा गहू दळतात त्याचा. भाताचा कोंडा कवा इतका फसफसतो?"

फ्लोराच्या हातातला डबा तसाच राहिला. सगळ्या कोकणात कोंडा म्हटलं की भाताचा. तो कशाचा, हे विचारायचं तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. बाजारातल्या प्रत्येक वेष्टनावरची बारीक अक्षरं तिनं तामारकडून वाचून घेतली होती. आणि घरच्या मडक्यात गहू भिजवून, आंबवून, फेस येईपर्यंत ठेवून, वर्षातून ज्या एका गोष्टीला दाराबाहेर काढायचं तीच तिनं स्वतःच्या हातानं ताटावाट्यांना चोळली होती. चरबी टाळली आणि खमीर घरात घेतलं. यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात.

धोंडुबाई गेली. फ्लोरा मोरीत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. नथानियल पुढच्या पडवीत बसून जुन्या वहीतली प्रार्थना वाचत होता. त्याचा आवाज आत ऐकू येत होता. तिनं मडकं उचललं, परत ठेवलं. ताटं मांडणीवरून काढली, फडक्यानं पुसली, वास घेतला, परत लावली. कसलाही वास येत नव्हता. कुणाला कळणार होतं? तिनं मिरच्यांची देठं काढायला घेतली आणि देठं भांड्यात, मिरच्या कचऱ्यात टाकू लागली.

सुट्टी म्हणून तामार घरीच होती. तिनं आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "काय झालं?"

फ्लोरानं सांगितलं.

"एवढंच?" तामार म्हणाली. "आई, भांडी धुतलीस ना वर पाण्यानं? मग कुठं राह्यला कोंडा? आणि काकांना सांगितलंस तर ते परत केळ्यांवर राहतील. चार महिने मर मर मेलीस तू. नको सांगूस."

फ्लोराला तेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

"तूच म्हणाली होतीस ना," ती म्हणाली, "साबणवाले आत काय घातलं ते लिहीत नाय, माणसाला न सांगता विकतात. त्याची तुला चीड आली होती. जेवली नव्हतीस तू त्या दिवशी."

"ते वेगळं."

"कसं वेगळं? मी काय त्या वडीसारखी गप बसू?"

 फ्लोरा उठली. पदराला हात पुसत ती पडवीत गेली आणि नथानियलसमोर उभी राहिली. त्यानं वही मिटली.

"भावजी, तुम्ही माझ्या ताटात जेवू नका," ती म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नाही. कोंडा, गिरणी, मडकं, पिंप, सगळं सांगितलं. त्याबरोबर जे सांगायचं नव्हतं तेही निघालं. "त्या वर्षी तुम्ही वडी बघितलीत आणि जेवला नाय. मला फार लागलं ते. कोणाला बोलले नाय. पत्र आलं त्या दिवसापासून तुमच्यासाठी हे सगळं चाललंय. आणि परत तेच झालं. आता केळी आणवते."

नथानियल ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. फ्लोराला वाटलं, चिडला.

"कसली वडी?" त्यानं विचारलं.

"मोरीतली. पिवळी. तुम्ही विचारलंत, यात चरबी कसली."

 मग त्यानं आत डोकावून तामार जवळ नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फ्लोरा, त्या वर्षी निघायच्या आधी पंधरा दिवस माझे सगळे दात काढले होते. नवी कवळी होती. हिरड्या सोलून निघालेल्या. तुझा वडा मी बोटानं दाबून बघितला, कडक होता. धाकट्या भावाच्या बायकोसमोर काय सांगायचं, की मला चावता येत नाय? तोंडावर हात धरून बसायचो."

"आणि वडी?"

"कवळी साबणानं धुवायची, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. माझा साबण घरी राह्यला. तुझी वडी घेतली. म्हटलं, तोंडात जायची गोष्ट, कसली चरबी ते विचारावं."

फ्लोरा पडवीच्या पायरीवर मटकन बसली. तीन वर्षं! तीन वर्षं जो घास तिच्या घशात अडकला होता, तो म्हणजे एक कवळी. तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळं तिनं पदर तोंडाला लावला. त्या वेळी हा माणूस एक वाक्य बोलला असता, किंवा तिनं एक वाक्य विचारलं असतं, तर? पण दोघंही एकाच घराण्यातली. तोंड मिटून बसण्यात कुणी कुणाला हार जायचं नाही.

"तू सांगितलंस म्हणून मी सांगितलं," नथानियल म्हणाला. "सॅमला पण ठावं नाय. त्याला बोलू नको."

मग तो उठला आणि त्यानं बाह्या वर केल्या. "आंबट कोंड्यानं आईपण घासायची. सणाच्या आधी अंगणात पाणी उकळायची, त्यात तापवलेला दगड टाकायची आणि भांडी बुडवून काढायची. धातूला लागलेलं खमीर सगळं निघतं त्यानं. पिंपावर उकळतं पाणी ओतू. मडकं तेवढं बाहेर काढ."

दुपारी शिफ्ट सुटून सॅम्युएल आला तेव्हा अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं खदखदत होतं. त्याचा थोरला भाऊ चिमट्यानं ताटं बुडवत होता, तामार निखाऱ्यातून दगड काढत होती आणि फ्लोरा घामानं निथळत होती. काय चाललंय, असं त्यानं विचारलं. "सणाचं काम," असं तिघांनी एकदम सांगितलं. त्यानं जास्त विचारलं नाही. विचारलं की कामाला लागावं लागतं, हे त्याला माहीत होतं. कोंड्याचं मडकं त्यानंच धोंडुबाईच्या वाडीवर पोचवलं.

बुधवारी संध्याकाळी दिवे लागले. नथानियलनं प्रार्थना म्हटली. म्हणताना एकदा थांबला, आईच्या तांब्याकडं पाहिलं आणि पुढं म्हणाला. फ्लोरानं ताटं मांडली. मुंबईहून आणलेली बिनखमीर भाकरी वाढली, नारळाच्या दुधातली कोंबडी वाढली. भाकरी कडक होती, हातात मोडली की कटकन वाजत होती. तामार आणि सॅम्युएल कुरुमकुरुम खात होते. नथानियलनं एक तुकडा तोंडात घातला आणि त्याचे गाल थांबले. त्याची नजर ताटातच राहिली.

फ्लोरानं रश्श्याचं पातेलं उचललं आणि त्याच्या भाकरीवर, ती पुरती भिजेल इतका रस्सा ओतला.

"बापरे, किती घालतेस दादाला," सॅम्युएल म्हणाला.

"त्यांना अशीच आवडते," फ्लोरा म्हणाली.

नथानियल जेवला. ताट पुसून जेवला आणि परत भात मागितला. जेवण झाल्यावर तो मोरीत गेला आणि तिथून त्यानं हळूच हाक मारली. फ्लोरा गेली. त्याची पाठ दाराकडं होती, एक हात तोंडावर आणि दुसऱ्या हातात रिकामी वाटी.

"रिठ्याचं पाणी हाय का थोडं?" त्यानं विचारलं.

तिनं वाटी भरून दिली आणि बाहेर येताना मोरीचं दार लावून घेतलं.